दोन चमचे लंडनला, दोन ब्रिस्टलला : जॉन वेस्ली आणि पैशाचे तीन नियम

१/
सप्टेंबर १७७६. इंग्लंडमध्ये तेव्हा घरातील चांदीच्या भांड्यांवर कर होता. अबकारी खात्याने ७३ वर्षांच्या एका धर्मोपदेशकाला पत्र धाडले. आपल्यासारख्या नामांकित गृहस्थाकडे चांदीची भांडी असणारच, पण त्यांची नोंद आपण अद्याप केलेली नाही, ती करावी, असा त्याचा आशय होता. उत्तर दोनतीन ओळींचे आले. लंडनला माझे चांदीचे दोन चमचे आहेत आणि ब्रिस्टलला दोन. याहून अधिक चांदी मजजवळ नाही, आणि माझ्याभोवती इतकी माणसे भाकरीला मोताद असताना मी आणखी घेणारही नाही.

२/
हे उत्तर देणारा गृहस्थ म्हणजे जॉन वेस्ली, मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक. मित्रहो, आजचा धागा त्याच्या धर्ममतांवर नाही. पैसा कसा मिळवावा, कसा राखावा आणि कसा सोडावा, या प्रश्नाशी तो सुमारे सत्तर वर्षे झुंजला. त्याने नियम केले, ते स्वतः पाळले, इतरांना शिकवले आणि अखेरीस त्या नियमांचाच एक अनपेक्षित परिणाम पाहून तो हादरला. ख्रिस्ती परंपरेतील लोभ आणि समाधान यांचा विचार एखाद्या माणसाच्या जमाखर्चाच्या वहीत वाचता येतो तो असा.

३/
आधी थोडी पार्श्वभूमी. 'पैसा हे सर्व पापांचे मूळ' असे बायबलमध्ये म्हटले आहे, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मूळ म्हटले आहे ते पैशाच्या लोभाला. मूळ ग्रीक शब्द 'फिलार्गिरिया', म्हणजे शब्दशः रुप्याची प्रीती. त्याच पत्रात समाधानासाठी 'औतार्केइया' हा शब्द येतो. स्टोइक तत्त्वज्ञांच्या परिभाषेत त्याचा अर्थ स्वयंपूर्णता. पौलाने तो घेतला आणि त्याला नवी दिशा दिली : अन्नवस्त्र आहे ना, मग पुरे.

४/
हे 'पुरे' नेमके किती, यावर ख्रिस्ती जगात शतकानुशतके वाद झाले. मध्ययुगाने दोन उत्तरे दिली. ज्याला परिपूर्ण व्हायचे आहे त्याने सर्वस्व सोडून मठात जावे, आणि बाकीच्यांनी निदान व्याज घेऊ नये. वेस्लीच्या इंग्लंडमध्ये ही दोन्ही उत्तरे निकामी झाली होती. मठ सोळाव्या शतकातच बंद पडले. १५७१ च्या कायद्याने मर्यादित व्याजाला वाट करून दिली आणि १७१४ मध्ये त्याची कमाल मर्यादा ५ टक्के ठरली. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड उभी राहिली. १७२० मध्ये साउथ सी कंपनीच्या समभागांचा फुगा फुटला. पैसा आता प्रत्येकाच्या दारात आला होता. तो न टाकता, त्याचे दास न होता कसे जगायचे, हा नवा प्रश्न होता.

५/
वेस्लीला हा प्रश्न घरातच भेटला. त्याचा जन्म १७०३ चा, लिंकनशायरमधील एप्वर्थ गावचा. वडील सॅम्युएल तेथील धर्मगुरू. विद्वान, हट्टी आणि कायम कर्जात बुडालेले. घरात एकूण १९ मुले जन्मली, त्यांतली अनेक लहानपणीच गेली. १७०५ मध्ये ३० पौंडांहूनही कमी रकमेच्या कर्जापायी सॅम्युएलना अटक झाली आणि लिंकन किल्ल्याच्या तुरुंगात त्यांना काही महिने काढावे लागले. जॉन तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता.

६/
या काळातली एक हकिकत जॉनची आई सुझॅना हिच्याविषयी सांगितली जाते. यॉर्कचे आर्चबिशप शार्प यांनी तिला विचारले, खरे सांगा, तुम्हांला कधी भाकरीवाचून राहावे लागले आहे काय? तिच्या उत्तराचा भावार्थ असा की, भाकरी नाही असे कधी झाले नाही. पण ती मिळेपर्यंत इतकी चिंता करावी लागे, आणि खाऊन झाल्यावर तिचे पैसे फेडण्याची इतकी चिंता लागे, की पुष्कळदा त्या भाकरीची चवच जाई. दारिद्र्याचे याहून नेमके वर्णन क्वचितच सापडेल. जॉनने पुढे गरिबीचे गोडवे कधी गायले नाहीत, त्याचे एक कारण या घरात आहे.

७/
पुढील आकडे समजण्यासाठी नाण्यांचा हिशेब ध्यानात घ्या. आपल्याकडे जसा रुपयाचे सोळा आणे, तसा तिकडे एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगचे १२ पेन्स. १७२६ मध्ये वेस्ली ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजचा फेलो झाला आणि त्याला नियमित प्राप्ती होऊ लागली. उतारवयातील एका प्रवचनात तो ऑक्सफर्डमधल्या एका तरुण मेथडिस्टाची गोष्ट सांगतो. पहिल्या वर्षी त्याला ३० पौंड मिळाले. २८ मध्ये त्याने भागवले, २ दान केले. दुसऱ्या वर्षी ६० मिळाले. खर्च २८, दान ३२. तिसऱ्या वर्षी ९०. खर्च २८, दान ६२. चौथ्या वर्षी १२०. खर्च पुन्हा २८, दान ९२.

८/
इतिहासाच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. त्या तरुणाचे नाव वेस्ली प्रवचनात सांगत नाही. तो स्वतः वेस्लीच, असे चरित्रकार मानतात आणि तसे मानण्यास आधारही आहे. पण ही आठवण सुमारे सहा दशकांनंतर सांगितलेली आहे, हे विसरू नये. तरीही तिच्यातली कल्पना अगदी स्पष्ट आहे. प्राप्ती वाढली म्हणून गरज वाढत नाही. 'पुरे' ही रेघ एकदा आखायची, आणि पाणी कितीही चढले तरी ती हलवायची नाही.

९/
ही रेघ आखायला त्याला एका प्रसंगाने भाग पाडले असावे. ऑक्सफर्डमधले हे तरुण काही गरीब मुलांची शाळा चालवत. हिवाळ्याच्या एका कडाक्याच्या दिवशी त्या शाळेतली एक मुलगी वेस्लीकडे आली. अंगावर केवळ पातळ तागाचा झगा. तुझ्याकडे दुसरे काही नाही का, त्याने विचारले. हेच आहे, ती म्हणाली. त्याने खिशात हात घातला, तर पैसे जवळजवळ संपलेले. खोलीच्या भिंतींवर मात्र नुकतीच विकत घेतलेली चित्रे होती. ती चित्रे त्या क्षणी त्याला त्या गरीब मुलीचे रक्तच वाटली. पन्नासएक वर्षांनी पोशाखावरच्या प्रवचनात हा प्रसंग सांगतानाही त्याचे शब्द स्वतःला कोरडे ओढणारे आहेत.

१०/
आता ब्रिस्टल. १७३९ मध्ये तेथील उघड्या माळांवर, खाणकामगारांपुढे वेस्लीची प्रवचने सुरू झाली आणि त्याच वर्षी 'न्यू रूम' ही वास्तू उभी राहिली. मागे कर्ज राहिले. १५ फेब्रुवारी १७४२ रोजी ते फेडण्याचा विचार करायला मंडळी जमली. कॅप्टन फॉय नावाच्या सभासदाने सुचवले, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणी म्हणाले, कित्येकांना तेवढेही जमायचे नाही. फॉयने उत्तर दिले, सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. ज्यांना जमेल ते देतील, ज्यांना जमणार नाही त्यांची पेनी मी भरीन.

११/
असे बारा-बारांचे गट झाले. गटप्रमुख दर आठवड्याला घरोघर जाऊन पेनी गोळा करू लागला. पण दारात गेले की घर दिसते. कोण आजारी आहे, कोणाचे काम सुटले आहे, कोण दारूत बुडाले आहे, हे सारे कळू लागले. पैसे गोळा करण्यासाठी काढलेली ही रीत माणसांची विचारपूस करण्याची रीत झाली. मेथडिस्ट चळवळीचा कणा म्हणून ओळखली जाणारी 'क्लास मीटिंग' जन्मली ती अशी, एका कर्जाच्या पोटी. आठवड्याला एक पेनी म्हणजे वर्षाला ४ शिलिंग ४ पेन्स. एवढ्याशा नाण्यावर एक चळवळ उभी राहिली.

१२/
लंडनमध्ये मूरफील्ड्सजवळची तोफा ओतण्याची एक जुनी, पडीक इमारत वेस्लीने घेतली होती. तिचे नाव 'फाउंड्री' असेच राहिले. तेथे प्रार्थनेची जागा होती, गरिबांसाठी दवाखाना होता, निराधार विधवांसाठी निवारा होता. वेस्ली आणि इतर उपदेशक त्या विधवांच्याच पंक्तीला बसून त्यांचेच अन्न खात. येथेच १७४६ च्या सुमारास त्याने कर्जनिधी सुरू केला. शहरभर पायपीट करून ५० पौंड जमवले आणि दोन कारभाऱ्यांकडे सोपवले. दर मंगळवारी सकाळी ते बसत. गरजूला २० शिलिंगपर्यंत कर्ज, परतफेड तीन महिन्यांत. वर्षभरात एवढ्या रकमेत २५० माणसांची नड भागली, असे वेस्लीने नोंदवले आहे.

१३/
गरीब माणूस आळशी असतो म्हणूनच गरीब असतो, हे मत त्या काळीही प्रतिष्ठितांच्या बैठकीत ऐकू येई. फेब्रुवारी १७५३ मध्ये वेस्ली लंडनमधल्या आजारी गरिबांच्या तळघरांत आणि माळ्यांवर फिरला. ज्यांना उभे राहण्याचे त्राण होते असा एकही माणूस त्याला रिकामा बसलेला दिसला नाही. रोजनिशीत त्याने त्या मताला सैतानी असत्य म्हटले. १७७३ च्या अन्नटंचाईवर त्याने लेख लिहिला. त्यात धान्य दारूच्या भट्ट्यांत जाणे, श्रीमंतांच्या गाड्यांसाठी घोड्यांची संख्या वाढणे, लहान शेते गिळून मोठी शेते होणे आणि श्रीमंतांची चैन, अशी कारणांची साखळी तो लावतो. म्हणजे दानाच्या पलीकडेही त्याची नजर जात होती.

१४/
या साऱ्या अनुभवाचा गाळीव अर्क म्हणजे १७६० मध्ये छापलेले 'पैशाचा उपयोग' हे प्रवचन. आधार लूकच्या शुभवर्तमानातील अन्यायी कारभाऱ्याचा दाखला. वेस्ली आरंभीच सांगतो की पैशाला नुसत्या शिव्या घालणे हा कवींचा आणि तत्त्वज्ञांचा छंद आहे. दोष नाण्यात नसून ते वापरणाऱ्यात आहे. भुकेल्याला तेच अन्न होते, उघड्याला वस्त्र, प्रवाशाला निवारा. मग तो तीन नियम मांडतो : शक्य तितके मिळवा, शक्य तितके वाचवा, शक्य तितके द्या.

१५/
पहिला नियम ऐकून व्यापाऱ्यांना आनंद झाला असेल. पण प्रवचनाचा मोठा भाग त्या नियमाला कुंपण घालण्यात जातो. स्वतःचे आरोग्य गमावून मिळवू नका. संखिया हाताळावा लागतो किंवा वितळत्या शिशाची वाफ श्वासात जाते असे धंदे तो नावानिशी सांगतो. बुद्धी आणि सचोटी गमावून मिळवू नका. राजाचा कर बुडवू नका, चोरटा माल घेऊ नका. शेजाऱ्याचे नुकसान करून मिळवू नका. त्याचा धंदा बसावा म्हणून बाजारभावाखाली विकू नका, त्याचे कामगार फोडू नका, कायद्याने निषिद्ध केलेले व्याज घेऊ नका. गहाणवटीचा धंदा या कुंपणाबाहेर पडतो. वैद्याने पैशासाठी रोग लांबवणे, हेही.

१६/
सर्वांत तीव्र शब्द येतात ते दारू विकणाऱ्यांसाठी. लंडनमधला जिनचा सुळसुळाट इतका वाढला होता की १७५१ मध्ये त्यावर कायदा करावा लागला. अशा धंद्यातून उभ्या राहिलेल्या वाड्यांच्या भिंतींत आणि बागांत वेस्लीला रक्त दिसते. औषधापुरता अपवाद तो करतो, पण तेवढाच. चौदा वर्षांनी, १७७४ मध्ये, हाच युक्तिवाद त्याने गुलामगिरीला लावला. साखर आणि संपत्ती यांसाठी माणसे विकावी लागत असतील, तर ती साखर न मिळालेली बरी आणि ती संपत्तीही. मृत्यूच्या सहा दिवस आधी, २४ फेब्रुवारी १७९१ रोजी, त्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या विल्यम विल्बरफोर्सला धीर देणारे पत्र लिहिले.

१७/
दुसरा नियम 'वाचवा'. येथे गैरसमज सहज होतो. वेस्लीचे 'वाचवणे' म्हणजे साठवणे नव्हे, उधळू न देणे. जिभेचे चोचले, भारी कपडे, महागडे सामान, लोकांनी वाहवा करावी म्हणून केलेला खर्च, हे सारे टाळा. त्याचे निरीक्षण असे की वासना पुरवली की ती शमत नाही, वाढते. मुलांच्या बाबतीत तर तो फारच कठोर आहे. ज्या पैशाचा ती दुरुपयोग करणार हे तुम्हांला दिसते आहे, तो त्यांच्यासाठी मागे का ठेवता? त्यांच्या वाटेत सापळे आधीच कमी आहेत काय?

१८/
आणि तिसरा नियम नसेल तर पहिल्या दोघांना काही अर्थ नाही. पैसा पेटीत किंवा बँक ऑफ इंग्लंडमध्ये पडून ठेवणे म्हणजे तो जमिनीत पुरणे, आणि जमिनीत पुरणे म्हणजे समुद्रात फेकणे, असे तो म्हणतो. मग खर्चाचा क्रम येतो. आधी स्वतःच्या खऱ्या गरजा, मग घरच्यांच्या, मग बंधुवर्गाच्या, मग सर्व मानवजातीच्या. माणूस मालक नाही, कारभारी आहे. हिशेब पाहणारा दुसराच आहे.

१९/
एखादा खर्च करावा की नाही असा संशय पडला, तर स्वतःला चार प्रश्न विचारावे, असे तो सुचवतो. मी येथे मालकासारखा वागतो आहे की कारभाऱ्यासारखा? हे करण्यास शास्त्राचा आधार आहे काय? हा खर्च मी देवापुढे अर्पण म्हणून ठेवू शकेन काय? अखेरच्या न्यायाच्या दिवशी याचे मला समाधान वाटेल काय? लक्षात घ्या, हा वैराग्याचा उपदेश नाही. उपाशी राहा, घर सोडा, असे तो म्हणत नाही. बाजारात उभे राहा, धंदा चोख करा, पण तुमचे 'पुरे' बाजाराला ठरवू देऊ नका, एवढेच त्याचे मागणे आहे.

२०/
या शिकवणीची परीक्षा वेस्लीचीच झाली. गरिबांना परवडावीत म्हणून त्याने लहान, सोपी पुस्तके छापली, बरीचशी एका पेनीची. ती कल्पनेपलीकडे खपली आणि आपण नकळत श्रीमंत झालो, असे तो स्वतःच सांगतो. पण १७४३ मध्येच त्याने जाहीर करून ठेवले होते की, देणी वजा जाता माझ्यामागे दहा पौंड जरी निघाले, तरी मला खुशाल चोर आणि दरोडेखोर म्हणा. म्हणून येणारा पैसा जात राहिला. मोजपट्टी त्याने स्वतःच लोकांच्या हाती दिली होती.

२१/
आता त्या कर्जनिधीतून उगवलेली एक विलक्षण कथा. जेम्स लॅकिंग्टन हा सॉमरसेटचा, पादत्राणे शिवणारा तरुण मेथडिस्ट. लंडनला आला तेव्हा जवळ जवळपास काहीच नव्हते. नाताळच्या आदल्या दिवशी बायकोने दिलेला शेवटचा अर्धा क्राउन घेऊन तो जेवणाचे सामान आणायला गेला आणि कवितेचे पुस्तक घेऊन परतला, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. १७७४ मध्ये त्याने जुन्या पुस्तकांचे बारकेसे दुकान मांडले आणि वेस्लीच्या निधीतून ५ पौंड कर्ज घेतले. तोवर कर्जाची मर्यादा वाढली होती.

२२/
त्या ५ पौंडांचे काय झाले? उधारी बंद, नफा थोडा, विक्री प्रचंड, हे सूत्र लॅकिंग्टनने धरले. न खपलेल्या प्रती नष्ट करण्याची प्रकाशकांची रीत मोडून त्याने त्या स्वस्तात विकल्या. वर्षाला लाखभर पुस्तके विकतो असा त्याचा दावा होता. फिन्सबरी स्क्वेअरमधले त्याचे 'टेंपल ऑफ द म्यूझेस' हे दुकान लंडनचे आकर्षण ठरले. स्वतःच्या घोडागाडीवर त्याने आपले व्यापारसूत्रच ब्रीद म्हणून रंगवून घेतले. आणि १७९१ च्या आत्मचरित्रात त्याने मेथडिस्टांची यथेच्छ टिंगल केली. त्याच मेथडिस्टांच्या ५ पौंडांवर तो उभा राहिला होता. पुढे १८०४ मध्ये त्याने पश्चात्तापाचे पुस्तक लिहिले, काही प्रार्थनामंदिरेही बांधून दिली. १८१५ मध्ये तो वारला.

२३/
लॅकिंग्टन एकटा नव्हता, आणि हीच वेस्लीच्या उत्तरायुष्यातील व्यथा. १७८६ मध्ये मेथडिस्ट पंथाविषयी लिहिताना त्याने एक पेच मांडला. खरा धर्म माणसाला उद्योगी आणि काटकसरी करतो. उद्योग आणि काटकसर यांतून संपत्ती येतेच. संपत्ती आली की गर्व, राग आणि जगाची आसक्ती वाढते. ती वाढली की धर्माचे सत्त्व जाते, टरफल उरते. म्हणजे औषधाच्या गुणातूनच नवा रोग उद्भवतो! यावर त्याला एकच उतारा दिसला. पहिले दोन नियम पाळणाऱ्यांनी तिसराही तितक्याच निष्ठेने पाळावा.

२४/
तो पाळला गेला काय? १७८९ मध्ये डब्लिन येथे वेस्लीने स्वतःच हिशेब मांडला. पहिला नियम पाळणारे पुष्कळ, दुसरा पाळणारे थोडे, आणि तिसरा? पन्नास हजार मेथडिस्टांत असे पाचशे तरी सापडतील काय, असे तो विचारतो. म्हणजे शंभरात एक. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी प्रॉटेस्टंट नीती आणि भांडवलशाही यांवरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात वेस्लीचा १७८६ चा पेच उद्धृत केला, तो उगाच नव्हे. इतिहासकार ई. पी. टॉम्पसन यांनी १९६३ मध्ये आणखी कठोर टीका केली. मेथडिस्ट शिस्तीने कारखानदारांना मुकाट राबणारे कामगार मिळवून दिले, असा तिचा रोख होता. त्या टीकेवर आजही वाद चालू आहे. पण वेस्लीच्या नियमांचे पहिले दोन पाय धावले आणि तिसरा लंगडला, हे त्याने स्वतःच आधी सांगितले होते.

२५/
मग तो निराश होऊन स्वस्थ बसला काय? जानेवारी १७८५ चे दृश्य पाहा. वय ८१. दरवर्षी या सुमारास गरीब सभासदांना कोळसा आणि भाकरी वाटली जाई. यंदा त्याला वाटले, यांना कपडेही हवेत. लागोपाठ पाच दिवस तो लंडनच्या रस्त्यांवर दारोदार फिरला. रस्त्यांवर वितळता बर्फ घोट्यापर्यंत साचलेला, पाय सकाळपासून संध्याकाळपर्यंत बर्फाच्या पाण्यात. २०० पौंड जमले. शनिवारी संध्याकाळी तो आजारी पडून अंथरुणाला खिळला. ज्याच्या शब्दावर हजारो माणसे जमत, तो म्हातारा इतरांसाठी झोळी घेऊन हिंडत होता.

२६/
जुलै १७९० मध्ये, थरथरत्या अक्षरात, त्याने जमाखर्चाच्या वहीत शेवटची नोंद केली. आता हिशेब ठेवणार नाही, कारण वाचवता येईल तेवढे वाचवतो आणि देता येईल तेवढे, म्हणजे जवळ असेल ते सारे, देतो, याची मला खात्री आहे, असा तिचा आशय. २ मार्च १७९१ रोजी लंडनच्या सिटी रोडवरील घरात तो वारला. मृत्युपत्रात पुस्तकांचे उत्पन्न संस्थेच्या कामाला दिलेले होते. खिशांत आणि मेजाच्या खणांत जी नाणी सापडतील ती वाटून टाकायची होती. शवगाडी नको, थाटमाट नको. सहा गरीब माणसांनी देह वाहून न्यावा आणि त्यांना सहा पौंड वाटून द्यावेत.

२७/
या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १८४८ मध्ये जॉर्ज बोवेन हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. थोड्याच काळात त्यांनी मिशनचा पगार घेणे सोडले, युरोपीय बंगला नाकारला आणि साध्या वस्तीत अत्यल्प खर्चात राहू लागले. मराठी शिकून ते रस्त्यांवर बोलत, 'बॉम्बे गार्डियन' हे पत्र संपादित करत. १८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर यांनी मुंबईत मेथडिस्ट कार्य सुरू केले आणि बोवेन त्यात सामील झाले. परदेशी पैशावर न विसंबता स्थानिक सभासदांच्या वर्गणीवर मंडळी चालवावी, हा टेलर यांचा आग्रह होता. ब्रिस्टलच्या त्या पेनीचाच हा दूरचा पडसाद. बोवेन १८८८ मध्ये मुंबईतच वारले. कुलाब्याचे बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचे.

२८/
जाता जाता एक सावधगिरी. 'जमेल तेवढे भले करा, जमेल त्या सर्व मार्गांनी करा' अशा अर्थाचे एक लांबलचक वचन समाजमाध्यमांवर वेस्लीच्या चित्रासह फिरत असते. त्याच्या उपलब्ध लेखनात ते सापडत नाही. उलट त्याचे खरे तीन नियम उद्धृत होतात तेव्हा पुष्कळदा पहिल्या दोघांवरच थांबतात. चुकीचे वचन जोडणे आणि खऱ्या वचनाचे शेपूट तोडणे, या दोन्ही गोष्टींपासून इतिहासाच्या विद्यार्थ्याने दूर राहावे.

२९/
वेस्ली यशस्वी झाला की अयशस्वी? चळवळ म्हणून पाहिले तर त्याच्या मृत्यूच्या वेळी ब्रिटन-आयर्लंडमध्ये सत्तर हजारांहून अधिक सभासद होते. शिकवण म्हणून पाहिले तर, त्याच्याच हिशेबाने, शंभरात एक. पण जमाखर्चाची वही उघडली की दिसतो तो २८ पौंडांचा एक आकडा, प्राप्ती चौपट झाली तरी जागचा न हललेला. लोभावर हजारो प्रवचने झाली आहेत. आपले 'पुरे' आकड्यात लिहून, त्यावर सही करून, लोकांना तपासायला देणारी माणसे मात्र मोजकीच. प्रश्न आजही तोच आहे, मित्रहो : तुमचा २८ चा आकडा कोणता?

धागा समाप्त. शंका, दुरुस्त्या आणि भर घालणाऱ्या नोंदी अवश्य लिहा.